सोन्याच्या भारोभार मीठ? सहारातल्या व्यापाराचा हिशेब जुळतो का

गुंजभर

दर दोन-तीन महिन्यांनी एक ढकलपत्र फिरून येतं: 'मध्ययुगात आफ्रिकेत मीठ सोन्याच्या भारोभार विकलं जायचं.' एका पारड्यात मिठाचा खडा, दुसऱ्यात सोन्याचा. चित्र देखणं आहे, पण आकडे मांडायला बसलं की तराजू भलतीकडेच कलतो.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ च्या फेब्रुवारीत सिजिलमासाहून, म्हणजे आजच्या आग्नेय मोरोक्कोतून निघाला. पंचवीस दिवसांनी तगाझाच्या मिठाच्या खाणीवर पोचला. मिठाचे भाव त्यानं नोंदवून ठेवलेत. उंटभर मीठ वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या वलात्याला ८ ते १० मिस्काल सोन्याला, मालीच्या राजधानीत २० ते ३०, आणि कधीकधी ४० मिस्कालांपर्यंत. मिस्काल साधारण ४.२५ ग्रॅमचा, म्हणजे पावणेतीन मिस्कालांचा आपला एक तोळा. उंटाचं ओझं १५० किलो धरा.

वलाता: १० मिस्काल = ४२.५ ग्रॅम सोनं. एका ग्रॅमला साडेतीन किलो मीठ.
माली: ४० मिस्काल = १७० ग्रॅम. एका ग्रॅमला जवळजवळ ८८० ग्रॅम मीठ.

म्हणजे चढ्यात चढा भाव धरला तरी वजनाचं प्रमाण ८८० ला १. भारोभार कुठून आलं? दुसरं म्हणजे, दीडशे किलो दगड दोन महिने वाळवंटातून वाहायचा आणि हाती साडेचौदा तोळे, हे परवडत कसं होतं? माहीतगारांनी लिहावं.

भोचक_भवानी

आणि मी इतकी वर्षं 'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणजे सोनं परत करणं समजत होते.

पखालवाला

परवडण्याचा प्रश्न नुसत्या मिठावर तोलला तर उत्तर चुकेल. सिजिलमासाहून निघालेला उंट मीठ घेऊन निघतच नाही. तो कापड, तांबं, काचेचे मणी, खजूर, आणि स्वतःचा चारा घेऊन निघतो. इब्न बतूतानं उंट विकत घेतले तेव्हा चार महिन्यांचा चाराही घेतला होता. तगाझापर्यंत त्यातलं बरंचसं खाऊन संपतं. पाठ रिकामी झाली की तिथं मीठ चढतं. उत्तरेकडून आलेल्या माणसाला हे मीठ वाटेत मिळालेलं जादा भाडं आहे.

तगाझात पिकत काहीच नाही. घरं आणि मशीद मिठाच्या विटांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर, झाड औषधाला नाही. मस्सुफा टोळीचे गुलाम तिथं खणत. त्यांचं खाणं बाहेरून: द्रा आणि सिजिलमासाचा खजूर, उंटाचं मांस, आणि दक्षिणेकडून आलेलं बाजरीसारखं धान्य. पाणीही मचूळ. धान्याचा तांडा लांबला की माणसं उपाशी. प्रवासी लिओ आफ्रिकानस सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं तीन दिवस होता. अन्न वेळेवर न आल्यानं मजूर झोपड्यांत मरून पडल्याचं तो लिहितो. त्याच्या हिशेबानं जवळची वस्ती वीस दिवसांवर.

त्यामुळे तिथं मिठाची किंमत जवळजवळ शून्य आणि ज्वारी-बाजरीची आकाशाला. दक्षिणेकडून येणारा व्यापारी धान्य देऊन मीठ नेतो. दोन्ही बाजूंनी भरलेला उंट, हा या धंद्याचा पाया.

खडेमीठ

१५० किलो कुठून आणलंत? तावदेनी या सहारातल्या दुसऱ्या मिठाच्या खाणीतल्या लादीचं वजन साधारण ३० किलो, उंटावर चार लाद्या, म्हणजे १२०.

गुंजभर

@खडेमीठ, तावदेनीचा आकडा तगाझाला कसा लावणार? तावदेनी भरभराटीला आली ती सोळाव्या शतकाच्या शेवटी, मोरोक्कोच्या सुलतानानं तगाझावर हात टाकल्यावर. इब्न बतूता स्वच्छ लिहितो की एका उंटावर दोन लाद्या. म्हणजे तगाझाची लादी निदान दुप्पट जड होती. हवं तर १२० धरा, प्रमाण ७०० ला १ होईल. भारोभार तरीही नाहीच.

खडेमीठ

मान्य. पण तावदेनीला अजून जुन्या पद्धतीनं काम चालतं, त्यावरून खाणीची रीत कळते, म्हणून लिहितो.

खड्डा साधारण ५ मीटर बाय ५ मीटर, खोली ४ मीटरपर्यंत. वरची दीडेक मीटर तांबडी चिकणमाती काढायची. मग हलक्या प्रतीच्या मिठाचे थर, ते फेकायचे. त्याखाली चांगल्या मिठाचे तीन थर. त्यातले दोन इतके जाड असतात की मधोमध चिरून दोन-दोन लाद्या होतात, म्हणजे तीन थरांतून पाच लाद्या. लादी साधारण ११० सें.मी. लांब, ४५ रुंद, ५ जाड. तळ संपला की भिंतीतून आडवे बोगदे मारत जायचं.

हे आपल्या उरण-पेणच्या आगरातलं मीठ नव्हे. आगरातलं मीठ उन्हानं पाणी आटवून केलेलं, सुटं, गोणीत भरायचं. हे सैंधवाच्या जातीचं, पण मऊ थरांत बसलेलं, कुऱ्हाडीनं तासता येईल असं. लादीचा फायदा वाटेत कळतो. गोण फाटली तर मीठ वाळूत सांडून कायमचं गेलं. लादी मोजता येते, त्यावर मालकाची खूण काढता येते, आणि बाजारात तोडून सुटे पैसे करता येतात.

बिघडतं ते दोन ठिकाणी. थरात मातीचा पट्टा आला असेल तर लादी तिथंच चिरते. आणि उंट बसताना. तो आधी पुढचे गुडघे टेकतो आणि सगळं ओझं हिसक्यानं पुढं येतं. रोज मुक्कामाला ओझं उतरवायचं, निघताना चढवायचं. दोन महिन्यांत साठ वेळा उतरवणं आणि साठ वेळा चढवणं. म्हणून लाद्या चामड्याच्या वाद्यांनी बांधतात आणि पलाणाच्या दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या लावतात. एका बाजूची फुटली की तोल जातो, पलाण सरकतं, उंटाच्या पाठीला जखम होते, आणि जखमी पाठीचा उंट पुढच्या फेरीला उपयोगाचा नाही.

सुपारीएवढं

लादी फुटली तर तुकड्यांचं काय करत?

खडेमीठ

विकतात. कमी भावानं. अखंड लादीला मान असतो, देवळातल्या अखंड तांदळासारखा.

नंदुरबारी

थोडं अवांतर. हा इब्न बतूता १३४२ मध्ये दिल्लीहून निघून दौलताबादला आला आणि तिथून आमच्या नंदुरबारवरून खंबायतेला गेला. नंदुरबारच्या मराठ्यांची कारागिरी, वैद्यकी आणि ज्योतिष यांबद्दल त्यानं लिहिलंय. दहा वर्षांनी हाच गृहस्थ तगाझात मिठाच्या मशिदीत नमाज पढतोय.

मधल्या काळात तो मालदीवला काझी होता, आणि ती गोष्ट या धाग्यासाठी महत्त्वाची. मालदीवात एका सोन्याच्या दिनाराला ४ लाख कवड्या मिळत, स्वस्ताईत १२ लाखांपर्यंत. मग हाच माणूस नायजर नदीकाठच्या गाओला पोचला, तर तिथं एका दिनाराला ११५० कवड्या. पृथ्वीच्या एका टोकाला कवडीमोल, दुसऱ्या टोकाला साडेतीनशे पट. दोन्ही भाव एकाच माणसानं नोंदवलेत, असं उदाहरण दुसरं नसेल.

भोचक_भवानी

तरी तो श्रीमंत झाला नाही! एक पोतं कवड्या नेल्या असत्या तर प्रवासवर्णन लिहायची वेळ आली नसती.

पखालवाला

@भवानीताई, पोतं नेणं हेच तर अवघड. पाण्याचा हिशेब बघा.

तगाझा सोडल्यावर दहा मुक्काम पाणी नाही. मग तसरहला नावाची विहीर. तिथं तांडे तीन दिवस थांबत: माणसं विसावतात, मशकी दुरुस्त करतात, भरतात, आणि त्यांना वरून जाडंभरडं कापड शिवून घेतात. हे शिवणं का? चामड्यातून पाणी झिरपतं आणि उडतं, त्यानंच ते गार राहतं. घरी हा गुण, वाळवंटात दोष. कोरडा वारा लागला की पाणी झपाट्यानं कमी होतं, चामडं आक्रसतं आणि शिवणीला भेगा पडतात. कापड वाऱ्याला अडवतं.

बकरीच्या एका मशकीत २० ते ३० लिटर. चालणाऱ्या माणसाला हिवाळ्यातही रोज चार-पाच लिटर लागणारच. दहा दिवसांना पन्नास, म्हणजे माणशी दोन मशकी, त्यातून गळती आणि वाफ वजा. दर दोन-तीन माणसांमागे एक उंट नुसता पाण्याचा, त्यावर मीठ नाही. उंटाला थंडीत बरेच दिवस पाण्याशिवाय काढता येतात, पण ओझं आणि सुका चारा असला की ती मुदत कमी होते. विहिरीवर पोचल्यावर एकेक उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर ओढतो. शंभर उंट असतील तर १०,००० लिटर, तेही पोहऱ्यानं शेंदून. तांडा विहिरीवर तीन दिवस का थांबतो ते आता कळेल.

आजीचा_बटवा

पखालवाला, नाव बदला. पखाल बैल-म्हशीच्या कातड्याची. तुम्ही सांगताय ती मशक.

पखालवाला

कान पकडले. नाव बदलायला प्रशासकांची परवानगी लागते, मशक तोवर अशीच.

तसरहलाच्या पुढं खरी जोखीम. इथं 'तकशीफ' नावाचा माणूस नेमत. तो मस्सुफांपैकीच. तांडा विहिरीवर असतानाच तो एकटा पुढं वलात्याला जातो, व्यापाऱ्यांची पत्रं घेऊन. पत्रांत दोन गोष्टी: आमच्यासाठी घर भाड्यानं घ्या, आणि चार दिवसांची वाट पुढं येऊन आम्हाला पाणी द्या. वलात्यात ओळखीचं कुणी नसेल तर तिथल्या एखाद्या नावाजलेल्या व्यापाऱ्याला पत्र लिहायचं.

तकशीफ वाटेत मेला तर वलात्याला तांड्याची खबरच नाही. पाणी येत नाही, आणि सगळा तांडा किंवा त्यातले बरेच जण मरतात. म्हणून त्याची मजुरी १०० मिस्काल सोनं. गुंजभर, तुमच्या भावानं बघा: वलात्यात १० ते १२ उंटांच्या मिठाची किंमत एका माणसाला, एका खेपेची. तांडा मोठा असावा लागतो तो याचसाठी. हा खर्च पाच उंटांवर पडला तर धंदा बुडाला, पाचशेंवर पडला तर जाणवतही नाही.

तर्कटराव

हेच लुटारूंच्या भीतीलाही लागू. पण इब्न बतूताच्या त्या फेरीत भीती लुटारूंची नव्हती, हरवण्याची होती. तांड्यातल्या दोघांचं भांडण झालं, त्यातला एक रागानं मागं रेंगाळला आणि वाट चुकला. सापडला नाही. तोवर इब्न बतूता स्वतः तांड्याच्या पुढं-मागं हुंदडायचा, त्यानंतर त्यानं ते बंद केलं.

त्यांच्या वाटाड्याचा एक डोळा गेलेला आणि दुसरा अधू होता. तरी रस्ता त्याच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. दुपारची, म्हणजे असरची नमाज झाली की निघायचं, रात्रभर चालायचं, सकाळी थांबायचं.

सुपारीएवढं

त्याच वाटेवर उवा इतक्या की लोक गळ्यात पारा लावलेले दोरे घालत, हेही त्यानंच लिहिलंय. सोनं, मीठ, पारा. रसशास्त्राचा अख्खा तांडा.

वाणसामान

वलाता ते माली भाव तिप्पट होतो, त्याकडे कुणी बघितलं नाही. तगाझा ते वलाता हा भयंकर टप्पा, तरी वलात्याला फक्त १० मिस्काल. वलाता ते माली चोवीस दिवसांची वाट. ती इतकी सुरक्षित की इब्न बतूता एक वाटाड्या आणि तीन सोबती घेऊन गेला. मग तिथं भाव का चढतो?

वाहन बदलतं म्हणून. दक्षिणेला गवत उंच होतं, पाऊस वाढतो आणि त्से-त्से माशीचा मुलूख सुरू होतो. ती जो रोग पसरवते, त्याच जातीचा आपल्याकडच्या उंट-घोड्यांना होतो तो सर्रा. (आपल्याकडे तो दुसऱ्या चावऱ्या माश्या पसरवतात.) उंट तिथं टिकत नाही. मग गाढवं, नायजरवर होड्या, आणि शेवटी माणसांची डोकी. व्हेनिसचा काडामोस्तो १४५५ च्या सुमारास लिहितो की मालीच्या पुढं मिठाचे मोठे तुकडे करून माणसं डोक्यावर नेतात. एका उंटाचं ओझं डोक्यावर न्यायला पाच-सहा माणसं, आणि ती रोज जेवणार. शिवाय दमट हवेत मीठ पाझरतं. एका लादीचं जेवढं निघालं तेवढंच पोचतं असं नाही.

लमाणवाट

आपल्याकडेही कोकणातलं मीठ घाटावर चढलं ते लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. घाटाखाली मीठ, घाटावर धान्य, आणि बैल दोन्ही वाटांनी भरलेला. पखालवाला म्हणतात तोच पाया. फरक इतकाच की आपल्या बैलाला रोज संध्याकाळी ओढा सापडायचा.

वाणसामान

बरोबर. आणि कर बघा. अल-बक्री या भूगोलकारानं कोर्दोबात बसून १०६८ मध्ये लिहिलं: घानाचा राजा (हा जुना घाना, आजच्या मॉरिटानिया-मालीच्या सीमेवरचा) गाढवभर मीठ आत येताना एक दिनार घेतो आणि बाहेर जाताना दोन. तांब्याच्या ओझ्याला पाच मिस्काल, इतर मालाला दहा.

सुपारीएवढं

जाताना दुप्पट का? निर्यात तर वाढवायची असते ना?

वाणसामान

ते आजच्या मंत्रालयाचं डोकं. राजाला ठाऊक होतं की बाहेर जाणारं मीठ बांबुकच्या सोन्याच्या मुलखाकडे चाललंय आणि तिथं त्याला राजाच्या बाजारापेक्षा चढा भाव आहे. त्या नफ्यातला वाटा तो नाक्यावरच काढून घेत होता. सोनं त्याच्या हातात नव्हतं, सोन्याकडे जाणारा रस्ता होता. सोन्याचा मोठा गोळा सापडला तर राजाचा, कण आणि भुकटी लोकांची, हाही नियम अल-बक्रीच सांगतो. गोळे बाजारात आले तर सोन्याला किंमत उरणार नाही, असं त्याचं कारण.

टंचवाले

सोन्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

बांबुक म्हणजे सेनेगल आणि फालेमे नद्यांमधला पट्टा. सोन्याचा दुसरा मुलूख 'बुरे', नायजर नदीच्या वरच्या अंगाला. अरुंद विहिरीसारखे खड्डे खणून सोन्याची माती वर काढायची आणि पाटीत पाण्यानं धुऊन भुकटी वेगळी करायची. या भुकटीत बारीक वाळू आणि लोखंडी खनिजं राहतातच. सोनारानं तशीच मुशीत टाकली तर घट येते आणि व्यापाऱ्याला ती घट सहन होत नाही.

तादमेक्का या सहाराच्या दक्षिण काठावरच्या गावी उत्खननात मुशी आणि बिनछापाच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले. मुशीत काच चिकटलेली. रीत अशी: भुकटीत काचेचा चुरा मिसळून तापवायचं. वितळलेली काच वाळू आणि खनिजांचा मळ आपल्यात ओढून घेते, सोनं जड म्हणून तळाला गोळा होतं, थंड झाल्यावर काच फोडायची. काच तिथं बनत नव्हती, उत्तरेकडून आलेल्या फुटक्या भांड्यांचा आणि मण्यांचा चुरा वापरत. यानं चांदी सुटत नाही, पण त्या मुलखातल्या सोन्याचा टंच मुळात चांगला होता. अल-बक्री तादमेक्काच्या दिनारांना 'टकले' म्हणतो: शुद्ध सोनं, वर छाप नाही. उत्तरेकडच्या टाकसाळीत नेऊन पाहिजे त्याचं नाव ठोका.

उत्तरेकडून येणारे काचेचे मणी आपण 'फालतू माल' म्हणून हसतो. त्यांच्या फुटक्या तुकड्यांनाही इथं काम होतं.

तर्कटराव

@टंचवाले, सुरेख. पण दक्षिणेच्या लोकांना सोन्याचं मोल कळत नव्हतं आणि चलाख उत्तरेकडच्यांनी मीठ देऊन लुटलं, हा सूर आता येईल, त्याआधीच अडवतो. सोनं कुठं खणलं जातं हे त्यांनी शेकडो वर्षं बाहेरच्याला बघू दिलं नाही. मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये कैरोत आला तेव्हा त्याला विचारणा झालीच. त्याच शतकातला अरब लेखक अल-उमरी यानं जे टिपलं त्यात आहे की सोन्याच्या मुलखात सत्ता बसवून इस्लाम आणला की सोनं निघणं घटतं, म्हणून ते लोक तसेच राहू दिलेत. अज्ञानी माणसं खाण दडवत नाहीत.

भोचक_भवानी

मुसाचं नाव आलंच! आता '४०० अब्ज डॉलरची संपत्ती' आणि 'इजिप्तची अर्थव्यवस्था कोसळली' येऊ द्या, मी चहा टाकते.

गुंजभर

चहा गॅसवर राहू द्या, हिशेब छोटा आहे. अल-उमरी म्हणतो, मुसा येण्याआधी कैरोत मिस्कालभर सोन्याचा भाव चांदीच्या २५ दिरहमांच्या खाली जात नव्हता. तो गेल्यावर २२ च्या वर गेला नाही, आणि बारा वर्षं झाली तरी हीच स्थिती. २५ चे २२, म्हणजे १२ टक्के. सोन्याचा भाव बारा वर्षं दबलेला राहणं ही मोठी गोष्ट, पण त्याला कोसळणं म्हणत नाहीत. आणि परतताना मुसाला कैरोच्या सावकारांकडून चढ्या व्याजानं कर्ज काढावं लागलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाची ही बाजू ढकलपत्रात येत नाही.

खतावणी

पैशाच्या बाजूचं थोडं. अरब भूगोलकार इब्न हौकल दहाव्या शतकात लिहितो की सहाराच्या दक्षिण काठावरच्या औदागुस्तच्या एका व्यापाऱ्याच्या नावे सिजिलमासाच्या माणसाचं ४२,००० दिनारांचं लेखी देणं त्यानं पाहिलं, साक्षीदारांसकट. म्हणजे सोनं प्रत्येक वेळी उंटावरून जात नव्हतं, कागदही जात होता. आपली हुंडीच.

तर्कटराव

हुंडी म्हणजे तिसऱ्या ठिकाणी कुणीतरी पैसे देईल असा हुकूम. हे कर्जरोखं होतं. दोन्ही कागदच, पण पेढीवरचा मुनीम एक म्हणून दुसरं घेणार नाही.

खतावणी

मुनीमजी, मान्य. पेढी मात्र खरोखर होती. तेराव्या शतकात त्लेमसेनच्या (आजच्या अल्जीरियातलं शहर) मक्करी घराण्यातले पाच भाऊ: दोघं त्लेमसेनला, एक सिजिलमासाला, दोघं वलात्याला. भांडवल सामाईक. उत्तरेकडचे दक्षिणेला लागणारा माल पाठवत, वलात्याचे भाऊ कातडी, हस्तिदंत, कोलाच्या बिया आणि सोन्याची भुकटी. सिजिलमासाचा भाऊ म्हणजे तराजूचा काटा: कुठं काय चढलं, काय उतरलं, हे दोन्हीकडे कळवायचं त्याचं काम. त्यांनी वाटेवर विहिरी खणल्या, वाटाडे ठेवले, तांडा निघताना ढोल वाजे आणि पुढं निशाण असे. पाणी, रस्ता आणि बातमी एकाच घरात. मिठाचा नफा कुणाच्या खिशात जात होता, त्याचं उत्तर इथं आहे.

आजीचा_बटवा

सगळे मीठ-सोनं-काच बोलताय, माणसांबद्दल कुणी बोलेना. इब्न बतूता १३५३ मध्ये सहाराच्या दक्षिण काठावरच्या तकद्द्याहून परतला त्या तांड्यात ६०० गुलाम स्त्रिया होत्या. त्या मशकी दुरुस्त करण्याच्या, विहिरीवर शेंदण्याच्या हिशेबात त्यांनाही धरा. तगाझात खणणारेही गुलामच. पखालवालांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

पखालवाला

बरोबर पकडलंत. परतीच्या वाटेचा हिशेब त्यांच्याशिवाय होतच नाही. सोनं हलकं असतं. हजार मिस्काल म्हणजे सव्वाचार किलो, ते एका उंटाच्या एका पिशवीत. दक्षिणेला जाताना शंभर उंट लागले तर येताना इतक्यांना माल नसतो. बरेच उंट तिकडेच विकत, आणि उत्तरेला 'माल' म्हणून माणसं चालवत. चालणारा माल स्वतःचं ओझं स्वतः वाहतो, पण पाणी पितो. वाटेत पाणी कमी पडलं की कुणाच्या तोंडचं आधी निघतं, ते सांगायला नको.

कसोटी

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे. भारोभार कुठून आलं ते सापडतं.

पहिली पायरी इब्न हौकल. तो म्हणतो, सुदानच्या (तेव्हा सहाराच्या दक्षिणेच्या सगळ्या पट्ट्याला हे नाव होतं) आतल्या मुलखात मिठाचं एक ओझं २०० ते ३०० दिनारांना जातं. दिनार म्हणजे एका मिस्कालाचं नाणं. ३०० धरा: १२७५ ग्रॅम सोनं. तुमच्या १५० किलोनं ११८ ला १. इब्न बतूतापेक्षा कितीतरी चढा भाव, तरी भारोभारपासून शंभर पट लांब.

दुसरी पायरी अबू हामिद अल-घर्नाती, बाराव्या शतकातला. त्यानं सरळ लिहिलंय की मीठ सोन्याच्या वजनाला विकतात, कधी दुप्पट वजनालाही. हाच तो उगम. पण हा माणूस जगातली आश्चर्यं गोळा करणारा. तो भावाचा तक्ता देत नाही, वाचकाच्या भुवया उंचावतो.

तिसरी पायरी 'मुका व्यापार'. व्यापारी मिठाचे ढीग ठेवून दूर जातात, सोनेवाले येऊन शेजारी सोनं ठेवतात आणि निघून जातात, पटेपर्यंत हे चालतं. हेरोडोटसनं हीच गोष्ट कार्थेजच्या लोकांबद्दल सांगितली होती. पुढं अरब लेखकांनी, मग काडामोस्तोनं. जागा आणि माल बदलतो, गोष्ट तीच. या गोष्टीत ढिगाशेजारी ढीग असतो, आणि कानोकानी होत 'ढिगाला ढीग'चं 'वजनाला वजन' व्हायला वेळ लागत नाही.

टंचवाले

एक पुरवणी. वजनाला वजनाच्या जवळ जाणारा आकडा एका मालाबाबत खरंच सापडतो, पण तो मिठाचा नाही, तांब्याचा. मुसानं कैरोत सांगितलं म्हणून अल-उमरी लिहितो: आमचं तांबं आम्ही दक्षिणेकडच्या लोकांना विकतो, १०० मिस्काल तांब्याला ६६ आणि दोन तृतीयांश मिस्काल सोनं.

तर्कटराव

राजा परदेशात बसून आपल्या तांब्याचा भाव सांगतोय. मी यातून निम्मं वजा करीन.

टंचवाले

निम्मं करा, तरी तिसरा हिस्सा उरतो. तांब्याला तिकडे केवढी मागणी होती याचा पुरावा वाळूतच आहे. १९६४ मध्ये मॉरिटानियाच्या माजाबात अल-कुब्रा या निर्मनुष्य वाळवंटात एका तांड्याचा पुरून ठेवलेला माल सापडला: पितळेच्या दोन हजारांवर कांड्या, वजन जवळजवळ एक टन, शेजारी कवड्या. बाराव्या शतकाच्या आसपासचा. एक टन म्हणजे सहा-सात उंटांचं ओझं. परत येऊन नेऊ, म्हणून कुणीतरी उतरवून ठेवलं आणि परतलं नाही.

नंदुरबारी

कवड्या तिथंही पोचल्याच.

गुंजभर

मंडळी, पैसे वसूल. आकडे एका जागी ठेवतो, पुढचं ढकलपत्र आलं की चिकटवायला बरे.

वलाता, १३५२: ३५०० ला १.
मालीची राजधानी, चढा भाव: ८८० ला १.
आतला मुलूख, इब्न हौकल: ११८ ला १.
भारोभार: अबू हामिद, आश्चर्यांच्या यादीत.

@कसोटी, एक शंका. सोन्याच्या खड्ड्यापाशी, डोक्यावरून आलेल्या लादीतला चिमूटभर तुकडा, तिथं भाव आणखी चढत असेल ना?

कसोटी

चढणारच. पण लादीचा भाव वेगळा आणि चिमटीचा वेगळा. घाऊक भाव तुम्ही मांडलात, किरकोळचा नमुना इब्न बतूताच देतो. वलाता ते माली या वाटेवर प्रवासी शिधा नेत नाही, सोन्याचांदीची नाणीही नेत नाही. मिठाचे तुकडे, काचेचे मणी, थोडी लवंग असं बरोबर ठेवतो. गावाशी पोचलं की बायका बाजरी, दूध, कोंबड्या, तांदूळ घेऊन येतात आणि तो हवं ते घेतो. तिथं तराजू निघत नाही, एक तुकडा आणि एक कोंबडी.

भोचक_भवानी

एका चिमटीला कोंबडी, आणि ती शिजवायला पुन्हा मीठ लागणारच. दुसरा तुकडा काढा.